काठासकट

खटखट काकूंच्या घरी न्हाणीघरात जायचं तर आधी छाती भरून श्वास घ्यावा लागे आणि काम उरकेपर्यंत तो धरून ठेवावा लागे. आतल्या निळ्या पिंपात जवसाचे देठ सडत पडलेले असत. ‘सडत’ हा शब्द काकूंचा. काकांच्या मते देठ मऊ होत होते. सालीखालचा धागा सुटा व्हायचा तर देठांनी पाण्यात पडून राहायलाच हवं, हे काका घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत आणि सांगता सांगता पिंपाचं झाकण उघडून दाखवत. पाहुणा चहा न घेताच निघून जाई.

वरच्या मजल्यावरची शेजारीण दोनदा खाली येऊन गेली होती. पहिल्यांदा तिने विचारलं, गटार तुंबलंय का. दुसऱ्यांदा विचारलं, पोटमाळ्यावर काही मरून पडलंय का. काकूंनी दोन्ही वेळा ‘हो’ म्हणून सांगितलं. खरं कारण सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

इमारतीत काकूंना कोणी नावाने हाक मारत नसे. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली त्यांच्या हातमागाने भरलेली होती. पलंग, कपाट आणि माणसं मागच्या खोलीत. सकाळी भांडी घासून झाली की काकू मागावर बसत आणि पायाखालच्या पावड्या दाबायला सुरुवात करत. एक पाय खाली गेला की ताण्याचे, म्हणजे उभे, अर्धे धागे वर उचलले जात, दुसरा गेला की उरलेले अर्धे, आणि त्यांच्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे पळे. त्याचा आवाज तीन मजले ऐकू जाई. माग एखाद्या सकाळी गप्प राहिला तर लोक तब्येतीची चौकशी करायला येत. हा माग काकूंनी एका बंद पडलेल्या विणकामशाळेतून सुटा करून आणला होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. लेक तान्ही असताना तिला मागाखालीच चादरीच्या झोळीत निजवायच्या. ती लेक आता दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि शांततेत झोप येत नाही म्हणून रात्रभर पंखा लावून ठेवते.

काकू विणत त्या साध्या सुती चादरी आणि टॉवेल. सूत चांगलं असलं की त्या विणताना गप्प असत, वाईट असलं की त्याच्याशी बोलत. जवसाचं सूत घरात आल्यापासून त्या दिवसभर बोलत होत्या.

काका लिफ्टचे मेकॅनिक. सारी नोकरी उंच इमारतींमधल्या लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळ्यांत, ग्रीस आणि तारांच्या सोबतीत गेली. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांनी घर दुरुस्त केलं. बिजागऱ्या झाल्या, नळ झाले, कधीच न कुरकुरलेलं कपाटाचं दारही झालं. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांची नजर मागाकडे वळली. त्यांनी मागाला इतकं तेल पाजलं की एक अख्खी चादर डागाळली. मग एके दिवशी काकू बाजारात गेल्या असताना त्यांनी पावड्यांच्या दोऱ्या ‘समतोल’ केल्या. काकू परत येऊन बसल्या तर ताण्याचे धागे वर-खाली व्हायलाच तयार नाहीत. त्या दिवशी काकूंनी पाना काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात लपवला.

त्यानंतर काका खुर्चीत बसले. खिडकीपाशी, शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आपल्याच घरात पाहुणा बसावा तसे. काही विचारलं तर उत्तर देत, दिलं तर खात. काकूंना वाटलं होतं की आता सुखाने विणता येईल. पण पाठीमागे तो असा बसलेला माणूस पान्यापेक्षा जड झाला. चार-सहा आठवड्यांनी काकूंनी स्वतःच पाना पिठातून काढला, पुसला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवला. काकांनी तो उचललाही नाही.

अशात एका कापडदुकानातून बोलावणं आलं. तिथली माल चढवायची छोटी लिफ्ट अडकली होती आणि जुनं मॉडेल असल्याने दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं. दुकानवाल्या बाई फक्त झाडाझुडपांपासून निघालेल्या धाग्याचं हातविणीचं कापड विकत. काका लिफ्ट सुरू करून हात पुसत होते तेव्हा बाईंनी सहज सांगितलं, तुम्ही हात पुसताय ते कापड देठातून निघालंय. काका थबकले. कुठल्या देठातून? जवसाच्या. काकांनी ते कापड उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरलं, आणि संध्याकाळी घरी आले ते डोक्यावर देठांचा भारा घेऊन.

“बी काढून घेतात गं, तेलासाठी,” ते दारातूनच सांगू लागले, “आणि हे देठ जाळून टाकतात. जाळून. शहराबाहेर ढीग लागलेत नुसते.”

त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धाप होती. काकूंनी भारा आत येऊ दिला. त्या एका क्षणाच्या भलेपणाबद्दल पुढे त्यांनी स्वतःला पुष्कळ बोल लावले.

कारण मग सुरू झालं ते संपायचं नाव घेईना. पिंप गेलं. भिजलेले देठ वाळवायला कपड्यांच्या दोऱ्या गेल्या. वाळलेले देठ कुटायला अंगणातला दगड कमी पडला म्हणून पायरी गेली, आणि कुटताना उडणारा भुसा घरभर, अंथरुणात, मिठाच्या बरणीत. कुटून निघालेल्या तंतूंना विंचरायला मोठा कंगवा हवा होता, तेव्हा काकांनी काकूंच्या इस्त्रीच्या फळीला ओळीने खिळे ठोकले. काकू ब्लाउज घेऊन इस्त्रीला आल्या तेव्हा फळीने त्यांच्याकडे दात काढून पाहिलं. सूत कातायचं चाक सायकलचं, पण त्याला पायाने फिरवायला काकूंच्या शिवणयंत्राचं पायडल.

“माझा जीव सोडून घरातलं सगळं तुम्ही त्या सुताला लावलंत,” काकू म्हणाल्या.

“तुझा जीव तर लागणारच आहे,” काका चाक फिरवत म्हणाले. “विणणार कोण?”

जवसाचं सूत कातताना बोटं ओली ठेवावी लागतात. काकूंनी त्यासाठी पाण्याची वाटी ठेवून दिली होती. काका मान वर न करता हात बाजूला नेत आणि जे हाताला लागे त्यात बोटं बुडवत. ते बहुतेक वेळा काकूंचा चहा असे.

तरी काकूंनी विणायचं मान्य केलं. खुर्ची रिकामी झाली होती हे त्यांना दिसत होतं. सकाळी त्यांच्या आधी काका उठत, चाकापाशी बसत, कधीतरी शीळही घालत. पण सूत हातात घेतलं तेव्हाच काकूंना कळलं. लडी दिसायला देखणी होती, बदामी रंगाची, अंगावर बारीक लव. काकूंनी तिच्यातला एक धागा दोन चिमटींत धरून हलका ताणला आणि तो सुटून मोकळा झाला. तुटण्याचा आवाजसुद्धा आला नाही.

“पीळ कमी पडतोय,” त्यांनी सांगितलं.

काकांचं यावर एक स्वतंत्र मत होतं. पीळ जास्त दिला की धाग्याचा जीव गुदमरतो. झाडातून आलेली वस्तू आहे, तिला श्वास घ्यायला जागा हवी. काकूंनी सांगितलं की त्याचा नाही, मागावर बसल्यावर माझा जीव गुदमरणार आहे. काका हसले. नवी कल्पना बायकांना पचायला वेळ लागतो, असं ते शेजारणीच्या नवऱ्याला सांगत होते, ते काकूंनी खिडकीतून ऐकलं.

ताणा मागावर चढला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. हे सूत हवेत सुकलं की ठिसूळ होतं, म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, आणि मागाच्या चहूबाजूंनी ओल्या चादरी टांगलेल्या. त्या ओलसर तंबूत काकू घामाने निथळत बसत. सुताला त्यांनी आपल्या हाताने दाट खळ लावली, वाळवली, पुन्हा लावली. त्याने मधला भाग कसाबसा धरू लागला. पण काठाचे धागे काही केल्या टिकेनात. धोटा प्रत्येक फेरीला कापडाची कड आत ओढतो, आणि ताण्याचे धागे ज्या फणीतून ओवलेले असतात तिच्या दातांवर कडेचे धागे तिरके होऊन घासतात. मधले चुकतात, मार कडेचे खातात. दोन फेऱ्या झाल्या की डावीकडचा तुटे. त्याला गाठ मारून बसावं तो उजवीकडचा. काकू माग थांबवत, उठत, वळसा घालून मागे जात, तुटलेलं टोक शोधत, गाठत, परत येऊन बसत. त्यांची खटखट इतकी अडखळू लागली की तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी गुडघेदुखीचं तेल पाठवलं.

शेवटी त्यांनी चाकापाशी जाऊन तुटलेल्या टोकांचा पुंजका काकांच्या पुढ्यात टाकला. काकांनी तो चष्मा लावून तपासला. मग मागाकडे पाहिलं. मग फणीकडे.

“फणीच्या दातांना धार आलीये,” ते म्हणाले. “थांब, पाना आणतो.”

काकूंनी ताबडतोब सांगितलं की राहू दे, आता ठीक चाललंय.

आणि दुपारी काका देठ आणायला गेले तेव्हा त्यांनी शिवणाच्या पेटीतून बदामी पॉलिएस्टरच्या दोऱ्याची गुंडी काढली. दोन्ही काठांचे थोडेथोडे धागे काढून टाकले आणि त्या जागी हा दोरा ओवला. रंग असा जुळला की त्यांना स्वतःलाच शोधावं लागलं. धोटा टाकला, फणी ओढली, पुन्हा टाकला. काही तुटलं नाही. खटखट सरळ चालू लागली. शेजारणीने वरून हाक मारून विचारलंसुद्धा, काय काकू, आज बरं वाटतंय वाटतं. कितीतरी दिवसांनी काकू विणताना गप्प होत्या.

कापड खरंच सुंदर उतरलं. मधला पोत थोडा उंचसखल, हात फिरवला की वाळक्या गवतावरून फिरवल्यासारखा, आणि दोन्ही कडा आखल्यासारख्या. त्याचे टॉवेल कापले. काका ते घेऊन इमारतभर फिरले. नंतर दुकानवाल्या बाई स्वतः घरी आल्या, मागाशेजारच्या स्टुलावर बसल्या, टॉवेल मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

“काठ किती सरळ आलाय हो,” त्या म्हणाल्या. “हातकताईच्या जवसात इतका सरळ काठ मी पाहिला नव्हता.”

“सूतच तसं आहे,” काका म्हणाले.

काकू चहाचं आधण ठेवायला आत निघून गेल्या. काही बोललं गेलं असतं तर ते बरं बोललं गेलं नसतं.

आतून त्यांनी पुढचं ऐकलं. बाईंना सूत आवडलं होतं. टॉवेल नेहमी घ्यायला त्या तयार होत्या, जेवढे काका कातू शकतील आणि काकू विणू शकतील तेवढे. फक्त त्यांच्या दुकानाची एक रीत होती. नव्या कापडाचा एक तुकडा आधी ओल्या मातीत पुरायचा, आणि पूर्ण विरून गेला तरच कापड दुकानात मांडायचं. गिऱ्हाइकाला आपण सांगतो की हे मातीत जातं, तर ते आपण पाहिलेलं असावं, एवढंच. पावसाळा संपता संपता मी येईन, आपण मिळून पाहू.

“आत्ता पुरतो,” काका म्हणाले. “तुमच्यासमोर.”

काकू कपबशा तशाच ठेवून बाहेर आल्या. त्यांनी सुचवलं की एवढा अख्खा टॉवेल कशाला वाया घालवायचा, मधला चांगला चौकोन कापून देते. बाईंनाही ते पटलं होतं. पण काकांनी हात वर केला.

“मधला कशाला? अख्खा पुरायचा. काठासकट. उद्या कोणी म्हणायला नको की निवडून दिला.”

आणि त्यांनी मागच्या पायरीवरच्या मोठ्या कुंडीत, भाजीची सालं आणि शेणखत घालून भुसभुशीत केलेल्या मातीत, टॉवेल काठासकट पुरला. वर जाळीचं झाकण ठेवलं. झाकणातून तार ओवून ती कुंडीभोवती गुंडाळली, आणि तारेची दोन टोकं एकत्र करून त्यांवर शिशाचा मणी पकडीने दाबला. लिफ्टच्या मोटारीची पेटी तपासून झाली की ती अशीच बंद करत, म्हणजे मध्ये कोणी हात घातला तर कळतं. काकांनी आपली जुनी सीलपकड इतकी वर्षं जपून ठेवली होती. ती वापरताना ते दहा वर्षांनी तरुण दिसले.

इथून काकूंच्या झोपेचं खोबरं झालं. एकदा काका नसताना त्या उकिडव्या बसून तार हलवून पाहत होत्या, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून शेजारणीने विचारलं, काकू, काय लावलंय हो कुंडीत? काकूंनी सांगितलं, मूर्खपणा. शेजारीण म्हणाली, आला की थोडा आम्हालाही द्या.

लेकीला फोन केला तर ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, “आई, सांगून टाक ना बाबांना. तुला काय जातंय?”

काय जातंय ते लेकीला कसं सांगणार. ती रिकामी खुर्ची तिने पाहिली नव्हती, त्याआधीची भरलेलीही नव्हती पाहिली. काका तर आता पूर्ण सुटले होते. त्यांनी आणखी भारे आणले, आणखी कातलं. लडींनी कपाटाचा एक कप्पा भरला आणि काकूंच्या साड्या खुर्चीवर आल्या. रोज सकाळी ते कुंडीला जाळीतून पाणी घालत आणि तिच्याशी दोन शब्द बोलत. काकू मागावर सुती चादर विणत आणि मनात वाक्यं जुळवत. वाक्य जुळून तोंडाशी आलं की नेमके काका म्हणत, हे बघ, आज कसा बारीक उतरलाय, आणि वाक्य पुन्हा विसकटे. त्यांना काकांचा राग येई, बाईंच्या त्या रीतीचा येई, पॉलिएस्टरच्या गुंडीचा तर सगळ्यात जास्त. तिने निदान थोडं तुटायला काय हरकत होती?

बाई यायच्या त्या दिवशी सकाळी काका आरशासमोर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. इस्त्री काकूंनी जमिनीवर केली होती.

“अहो,” काकू म्हणाल्या, “काठ तुमच्या सुताचा नाही.”

“कुठला काठ?”

“कुंडीतला. दोन्हीकडचा. शिवणाचा दोरा घातलाय मी, पॉलिएस्टरचा. तो कुजायचा नाही. मी कुजेन, तो कुजायचा नाही.”

काकांचा हात बटणावर थांबला. आरशातूनच त्यांनी विचारलं, “का?”

“तुमचा धागा कडेला टिकत नव्हता म्हणून. सांगायला आले तर तुम्ही पाना शोधायला उठलात. पीळ कमी आहे म्हटलं तर त्याला श्वास घ्यायचाय म्हणालात.”

“नाजूक सूत आहे ते.”

“अहो, तुम्ही लिफ्टला कधी एकेरी तार लावलीत का?” काकूंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “एवढी माणसं वर-खाली नेलीत जन्मभर. कोणाला सांगितलंत का, की तार नाजूक आहे, जरा जपून उभे राहा?”

काकांनी वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. काकू म्हणाल्या की अजून वेळ आहे, बाईंना फोन करून येऊ नका म्हणून सांगू, नाहीतर आत्ता तार तोडू आणि दोरे काढून टाकू, तुमची पकड आहेच, नवा मणी लावा.

“सील बाईंसमोर उघडायचं ठरलंय,” काका म्हणाले, आणि साड्या बाजूला सारून खुर्चीत जाऊन बसले. खिडकीपाशी. दोन्ही हात गुडघ्यांवर.

काकू मागच्या खोलीत उभ्या राहून त्यांच्या पाठीकडे पाहत होत्या. इस्त्रीची घडी पाठीवर सरळ उठून दिसत होती. त्यांनी नको तेवढी भांडी घासली.

बाई आल्या. काकांनी उठून त्यांना नेहमीसारखंच या म्हटलं. तिघं मागच्या पायरीवर गेली. काकांनी सील दाखवलं, बाईंनी पाहिलं, मग पकडीने तार तोडली आणि कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. काळी, मोकळी, ओल्या जंगलासारख्या वासाची माती. काकांनी बोटांनी ती पसरली. बदामी कापडाचा कुठे मागमूस नव्हता. एक गांडूळ घाईने बाजूला झालं. आणि मग बोटांत काहीतरी अडकून उचललं गेलं, लांबच लांब, मातीतून सरसरत वर येणारं. धाग्यांचे दोन पुंजके, टॉवेलाच्या लांबीएवढे. काकांनी ते पाण्याच्या तांब्यात बुडवून काढले तर गुंडीवरून आत्ताच उलगडल्यासारखे चमकले.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. काकूंचे ओठ उघडले, पण काका आधी बोलले.

“कुजलं ते माझं, बाई,” ते म्हणाले. “उरलं ते हिचं.”

काकूंनी कपाळाला हात लावला. बाईंना हसावं की नाही ते कळेना, त्यांनी दोरे हातात घेतले, तेच काठ ज्यांचं त्यांनी कौतुक केलं होतं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की हे असं मला मांडता येणार नाही. काकूंनी मान हलवली. त्यांनी सांगितलं की दोरा मी घातला, ह्यांना आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. बाईंनी विचारलं, का घातला. काकू सांगणार होत्या, पण काकांनी मातीने माखलेला हात पुन्हा वर केला.

“काठाला भार जास्त येतो,” ते बाईंना म्हणाले, जणू हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. “तिथे एकपदरी चालत नाही. दुपदरी लागतो, उलट पिळाचा. तारेचंही तसंच असतं.” मग हाताची माती झटकत, “मला आणखी एक कुंडी द्या.”

बाई म्हणाल्या, कुंडी तुमचीच आहे, काका. वेळ घ्या. विरलं की कळवा.

त्या गेल्यावर काकूंना वाटलं होतं, आता भांडण होईल. त्यांनी त्याची तयारीही केली होती, जुने मुद्दे काढून ठेवले होते. काका चाकापाशी गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाक थांबलं नाही. जेवायला हाक मारली तर हूं म्हणत. आधी त्यांनी दोन धागे कातले, दोन्ही घट्ट, मग चाक उलटं फिरवून ते एकमेकांत पिळले. तयार झालेला दोरा त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीतल्या हुकाला बांधला आणि त्याला पाण्याने भरलेली बादली लटकवली. लिफ्ट लोकांसाठी उघडण्याआधी तिच्यात वजनं भरून तपासतात, तसं. दिवसभर काकू त्या बादलीखालून वाकून ये-जा करत राहिल्या. संध्याकाळी काकांनी दोरा सोडून त्यांच्या हातात दिला.

“ओढून बघ.”

काकूंनी दोन्ही मुठींना गुंडाळून सगळा जोर लावून ओढला. बोटांवर वळ उठले. दोरा जागचा हलला नाही. काका त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, शाळेच्या निकालाच्या दिवशी लेक पाहायची तसे.

“जाड झालाय,” काकू म्हणाल्या. “फणीच्या दातांतून जायचा नाही.”

काका दोरा घेऊन परत चाकापाशी गेले. पुढचा बारीक झाला, पण गाठाळ. त्यापुढचा गुळगुळीत, पण इतका ताठ की कापडाची कड त्याने मुरडली. प्रत्येक वेळी बादली चौकटीत लटके आणि प्रत्येक वेळी काकू ओढून पाहून काहीतरी खोट काढत. खोट असे म्हणूनच काढत, पण असं खोट काढायला मिळण्यात थोडी मजा येत होती, हे त्या कोणाला सांगणार नव्हत्या. मग एक दोरा असा आला की ओवला आणि धोटा टाकला, पुन्हा टाकला, आणि त्या पुढचं बोलायचं विसरून गेल्या. काकांनी चाक थांबवून कान दिला. खटखट सरळ चालली होती.

टॉवेल काठासकट पुरला, सील लागलं. या वेळी पाणी घालायची पाळी वाटून घेतली, कारण एकट्या काकांच्या हाती ठेवली तर ते कुंडी बुडवतील, असं काकूंचं मत होतं. पिंपाचा वास होताच. शेजारीण आता विचारायलाही येत नसे.

हवा कोरडी होऊन सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटू लागलं, तेव्हा बाई परत आल्या. तार तुटली, माती वर्तमानपत्रावर आली. काकांनी बोटांनी चाचपली. काही लागलं नाही. पुन्हा चाचपली. मग त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना आणि ते तडक स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी घेऊन आले आणि त्यातून मुठीमुठीने माती चाळू लागले. तिघंही वाकून पाहत होती. जाळीवर अंड्याच्या टरफलाचा तुकडा राहिला, एक खडा राहिला. बाकी काही नाही. डावा काठ नाही, उजवा नाही.

बाईंनी जाळीवरचा तो खडासुद्धा उचलून पाहिला आणि खाली ठेवला. मग पुढच्या महिन्यापासून किती जमतील ते त्या काकांना विचारू लागल्या. काका उत्तर द्यायचं सोडून काकूंकडे पाहत राहिले. काहीतरी ऐकायची वाट पाहत होते, ते स्पष्ट होतं.

“ती माझी पिठाची चाळणी आहे,” काकू म्हणाल्या. “घासून जागेवर ठेवा.”

आणि त्या आत गेल्या, काठाच्या दोऱ्याची लडी भिजवायला ठेवायची होती म्हणून. ओट्यावर चहा निवत होता. त्यावर भुशाचं एक बारीक कुसळ तरंगत होतं. त्यांनी ते बोटाने बाजूला केलं आणि घोट घेतला.